सरकारी शाळेतील संक्रांत

मार्गशीर्ष उतरणीला लागला की शाळांच्या दिनक्रमात सणसमारंभांची जी दाटी सुरू होते, ती माघ संपेपर्यंत ओसरत नाही. २५ डिसेंबरला नाताळ, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १२ जानेवारीला स्वामी विवेकानंदांची, १४ किंवा १५ जानेवारीला मकरसंक्रांत, २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिन, ३० जानेवारीला हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दोन मिनिटांची स्तब्धता, आणि पाठोपाठ वसंतपंचमी व रथसप्तमी. यांतील काही दिवस धर्माचे, काही राष्ट्राचे, आणि काही असे की ते नेमके कोणाचे हे सांगणे कठीण. सरकारच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत सर्व धर्मपंथांची मुले एका बाकावर बसतात. तेथे यांपैकी काय साजरे करावे, कसे करावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तिळगूळ वाटण्यासाठी राज्यघटना कशाला उघडावयाची, असे कोणीही म्हणेल.

तथापि या लहानशा प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात आपला समाज दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे. कधी आपण ज्यांचा सण शाळेत चालतो त्यांच्यात होतो, तर कधी ज्यांचे गाणे शाळेत चालत नाही त्यांच्यात. या दुसऱ्या अनुभवाचे विस्मरण फार लवकर होते. म्हणून प्रस्तुत लेखात हा विषय मराठी मुलखाच्या अगदी कडेवरून, जैनथच्या परिसरातून, पाहण्याचे योजिले आहे.

अदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ हे गाव पैनगंगेच्या दक्षिण अंगास आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. हा सारा प्रदेश पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या अदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले. जैनथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा नकाशावर आखली गेली, पण मराठी बोलणारी घरे नदीच्या दोन्ही तीरांवर होती तशीच राहिली. या जिल्ह्यात मराठी आणि तेलुगूच्या जोडीने उर्दू, गोंडी आणि कोलामीही कानावर पडते.

गावाची ओळख तेथील लक्ष्मीनारायणाच्या मंदिराने आहे. कार्तिकात तेथे मोठा उत्सव भरतो. या मंदिराची पूर्वकथा मोठी बोधप्रद आहे. जैनथ येथे सापडलेला संस्कृत शिलालेख परमार राजा उदयादित्य याचा पुत्र जगद्देव याच्या काळातला आहे, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा बाराव्याच्या आरंभीचा. तो निंबादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या, देवालयाविषयी बोलतो. गावाच्या नावात जैन शब्द ऐकू येतो, शिलालेखात सूर्य आहे, आणि आज पूजा नारायणाची होते. एकाच जागेवर श्रद्धेचे असे थरावर थर बसतात, आणि प्रत्येक पिढीला आपल्या काळचा थर हाच मूळचा वाटतो.

सणांचेही तसेच असते. संक्रांत हा सूर्याचा सण. पैनगंगेच्या उत्तरेस लहान मुलांना बोरन्हाण घालतात. बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलव्याचे दाणे त्यांच्या डोक्यावरून ओततात. दक्षिणेस तेलुगू घरांत भोगीच्या संध्याकाळी मुलांवर अशीच बोरे ओततात आणि त्यांना ‘भोगी पळ्ळु’ म्हणतात. विधी एकच, बोरे एकाच झाडाची, नावे मात्र दोन. हा धर्माचा आचार म्हणावा, ऋतूचा म्हणावा, की लेकरांच्या कौतुकाचा म्हणावा? त्याचे उत्तर देण्याची गरज घरात कोणालाच पडत नाही. ती शाळेत पडते.

संक्रांतीची तिथीही वाटते तितकी अचल नाही. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. मकर राशीतील त्याचा निरयन प्रवेश आज त्यानंतर सुमारे तेवीस-चोवीस दिवसांनी येतो. संपातचलनामुळे हे अंतर साधारणतः सत्तर वर्षांत एका दिवसाने वाढते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. पुढे भारत सरकारने त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय युवक दिन ठरविला आणि १९८५ पासून तो शाळांतून पाळला जाऊ लागला. जी तारीख एके काळी पंचांगातली संक्रांत होती, ती आज सरकारी परिपत्रकातील ऐहिक समारंभ झाली आहे. आणि संक्रांत स्वतः दोन-तीन दिवस पुढे सरकली आहे. धार्मिक आणि ऐहिक यांच्यामध्ये कायमची भिंत बांधू पाहणाऱ्याने हे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता शाळेच्या सुट्ट्यांकडे वळू. आपल्या पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत सुट्टीचा प्रश्नच नव्हता. अमावास्या-पौर्णिमा, सणवार आणि सुगी यांनीच तो सोडविलेला असे. लेखी वेळापत्रक आले ते इंग्रजी राज्याबरोबर. त्या राज्याने शिक्षणाच्या बाबतीत धार्मिक तटस्थतेचे धोरण स्वीकारले होते. १८५४ च्या वुडच्या खलित्यात सरकारी शाळांतील शिक्षण पूर्णपणे ऐहिक असावे असे स्पष्ट म्हटले होते. ग्रंथालयात बायबल ठेवण्यास हरकत नव्हती, आणि मुलाने आपण होऊन विचारल्यास शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर ते समजावून देण्यासही हरकत नव्हती. पण वर्गात ते शिकवावयाचे नव्हते. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात, राणीने प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले.

पाठ तटस्थ ठरला, पण पंचांग ठरले नाही. १८८१ चा पराक्राम्य पत्रांचा कायदा हा खरे पाहता हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांचा कायदा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर काय करावयाचे, हे ठरविण्यासाठी त्याच्या पंचविसाव्या कलमात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या दिली होती. रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे हे दिवस तिच्यात नावानिशी होते. बाकीच्यांचे सण सरकारने राजपत्रात जाहीर केल्यास सुट्टीचे. राज्यकर्त्यांचा सण कायद्यात, प्रजेचा सण अधिसूचनेत, असा हा फरक होता. १९५५ च्या दुरुस्तीने ती नावे गाळली गेली. आता व्याख्येत रविवार आणि सरकारने जाहीर केलेले दिवस एवढेच उरले आहेत. आजही बहुतेक सार्वजनिक सुट्ट्या याच कलमाच्या आधारे जाहीर होतात, हे वकिलांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नसते.

मात्र सुट्टी कोणी दिली आणि तिचा उपयोग कोणी कशासाठी केला, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नाताळच्या आठवड्यात न्यायालये, कचेऱ्या आणि कॉलेजे बंद असत. वकील, प्राध्यापक आणि संपादक यांना प्रवासाची सवड मिळे. म्हणूनच राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले आणि पुढची चाळीसएक वर्षे ही अधिवेशने बहुधा नाताळातच होत राहिली. न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषदही त्यांच्या जोडीने भरे. ख्रिस्तजन्माच्या सुट्टीत हिंदी स्वराज्याची चर्चा झाली आणि कोणाचा धर्म त्यामुळे बुडाला नाही. ३१ डिसेंबर १९२९ रोजी लाहोरला संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव झाला, त्याच अधिवेशनात पुढील अधिवेशने थंडीचा कडाका सरल्यावर घ्यावीत असेही ठरले. लाहोरच्या ठरावास अनुसरून २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. आणि वीस वर्षांनी तीच तारीख प्रजासत्ताक दिनाची झाली. आजच्या शाळेतील सर्वांत मोठा ऐहिक हिवाळी समारंभ हा असा नाताळच्या सुट्टीच्या पोटी जन्मलेला आहे.

पोर्तुगीजांच्या राज्यात याहून नवलाची गोष्ट घडली. गोव्यातील हिंदूंनी शतकानुशतके जे सोसले त्याची येथे पुनरुक्ती नको. १९१० साली लिस्बनला राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्या सरकारने धर्मसत्तेपासून राज्य वेगळे करण्यास सुरुवात केली. सुट्ट्यांची यादी नव्याने ठरविताना त्याने जुने धार्मिक सण वगळले. पण २५ डिसेंबरची तारीख कायम ठेवून तो दिवस ‘कुटुंबाचा दिवस’ म्हणून नोंदविला. नाव बदलले तरी घंटा वाजावयाच्या त्या वाजतच राहिल्या. कागदावर सण ऐहिक करता येतो, लोकांच्या मनात तो तसा होतोच असे नाही. उलट, १९११ च्या विभक्तीकरणाच्या कायद्यानंतर गोव्यातील हिंदूंना राज्यकारभारात आणि शिक्षणात जी मोकळीक मिळाली, ती मात्र खरी होती. सणाचे नाव बदलण्यापेक्षा दुसऱ्यावरचे बंधन काढण्याने अधिक काम झाले, हा त्यातील धडा.

हैदराबाद संस्थानात चित्र याच्या उलट होते. तेथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. कारभार फसली सनाच्या हिशोबाने चाले. प्राथमिक वर्गांपलीकडे शिकावयाचे तर माध्यम उर्दू. आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून. त्या विद्यापीठाने देशी भाषेतून शास्त्रे शिकविण्याचे मोठे काम केले, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. पण ज्या बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती, तिच्या मुलांना शाळेच्या दाराशी आपली भाषा आणि बऱ्याच अंशी आपले सण काढून ठेवूनच आत जावे लागे. खाजगी शाळांना परवानगी मिळणे दुरापास्त होते. त्याही स्थितीत गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन यांसारख्या संस्थांनी भाषा आणि संस्कार यांची ज्योत विझू दिली नाही.

१९३८ च्या हिवाळ्यात हा ताण उघड्यावर आला. नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि मग उस्मानिया विद्यापीठातील वसतिगृहांत हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या खोलीत ‘वंदे मातरम्’ म्हणावयास प्रारंभ केला. गीत वादग्रस्त आहे असे ठरवून अधिकाऱ्यांनी त्यास बंदी केली. विद्यार्थी मागे हटले नाहीत. शेकडो मुलांवर कॉलेजे सोडण्याची पाळी आली. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश देऊन त्यांची वर्षे वाचविली. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक होत. मराठवाड्यातील आणि तेलंगणातील जुन्या घरांतून या ‘वंदे मातरम्’ चळवळीच्या आठवणी पुढच्या पिढ्यांपर्यंत अभिमानाने सांगितल्या गेल्या, आणि तो अभिमान यथायोग्य आहे.

परंतु अभिमानाबरोबर त्या प्रसंगातील तत्त्वही पाहिले पाहिजे. त्या मुलांनी मागितले काय होते? आपल्या प्रार्थनेच्या खोलीत आपले गीत म्हणण्याची मोकळीक. इतरांनी ते म्हटलेच पाहिजे अशी मागणी त्यात नव्हती. त्याच्याच आदल्या वर्षी, १९३७ च्या ऑक्टोबरअखेर, काँग्रेसच्या कार्यकारिणीने राष्ट्रीय सभांतून या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असे सुचविले होते आणि त्याच्या जोडीला किंवा त्याऐवजी दुसरे निर्दोष गीत म्हणण्याची मोकळीक ठेवली होती. एका बाजूस गाण्याचा हक्क आणि दुसऱ्या बाजूस न गाण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच मुळाचे फाटे आहेत, ही जाणीव त्या काळच्या विचारी पुढाऱ्यांना होती.

याच सुमारास, दहा वर्षे अगोदर, कलकत्त्याला उलट्या बाजूचा एक प्रसंग घडून गेला होता. १९२८ साली ब्राह्मसमाजीयांच्या सिटी कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांनी वसंतपंचमीस सरस्वतीची मूर्तिपूजा केली. मूर्तिपूजा न मानणाऱ्या संस्थेने त्यांना शिक्षा केली आणि मोठे वादळ उठले. सुभाषचंद्र बोस विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले, तर रवींद्रनाथ ठाकूर संस्थेच्या बाजूने. दोघांच्या देशभक्तीबद्दल शंका घेण्यास जागा नाही. तरीही एका हिवाळी सणावर त्यांचे तीव्र मतभेद झाले, कारण प्रश्न देवीचा नव्हता; दुसऱ्याच्या आवारात आपला आचार किती न्यावा याचा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, ७ डिसेंबर १९४८ रोजी, घटना समितीत शाळांतील धार्मिक शिक्षणाच्या कलमाची चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी केलेल्या विवेचनाचा आशय असा की, सरकारी पैसा सर्वांच्या करांतून येतो, तो एका धर्माच्या शिकवणीसाठी वापरणे न्याय्य नाही. एकेका स्थानिक मंडळाच्या हद्दीत इतके धर्म आणि पंथ नांदतात की सर्वांच्या शिकवणीची सोय करणे अशक्य. आणि आपणच तेवढे सत्य असे म्हणणाऱ्या शिकवणी एकाच छपराखाली आणल्यास शाळेची शांतता राहणार नाही. धर्माचा अभ्यास किंवा संशोधन ही धार्मिक शिकवणीहून भिन्न गोष्ट आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

या चर्चेतून आजचे अठ्ठाविसावे कलम सिद्ध झाले. त्याचा अर्थ साध्या भाषेत सांगावयाचा तर असा : जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशाने चालते तेथे धार्मिक शिक्षण द्यावयाचे नाही. जी सरकारमान्य आहे किंवा सरकारी अनुदान घेते, तेथे कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडावयाचे नाही. एखाद्या दात्याच्या विश्वस्तनिधीतून निघालेल्या आणि सरकार केवळ चालवीत असलेल्या संस्थेस अपवाद आहे. घटनेने सणाचे नाव कोठेही घेतलेले नाही. तिने ‘शिकवण’ आणि ‘उपासना’ हे दोन शब्द वापरले, आणि सर्व वादांचे मूळ या दोन शब्दांच्या सीमेवर आहे.

ती सीमा न्यायालयांनी हळूहळू स्पष्ट केली. १९७१ साली पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांच्या चरित्राचा आणि शिकवणीचा विद्यापीठीय अभ्यास हे धार्मिक शिक्षण नव्हे असे ठरविले. २००२ साली अरुणा रॉय यांच्या अर्जावर निकाल देताना धर्मांविषयीची माहिती देण्यास आडकाठी नाही असे म्हटले. १९८६ साली केरळातील यहोवाचे साक्षी पंथाच्या तीन मुलांचा प्रश्न आला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा हुकूम केला. राष्ट्रगीतासारख्या सर्वस्वी ऐहिक गोष्टीतही मुलाच्या सदसद्विवेकाला जागा आहे, तर उपासनेत ती किती असावी, हे यावरून उघड व्हावे. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत-हिंदी प्रार्थनेचा प्रश्नही २०१९ साली मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

अमेरिकेची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे, कारण तेथे आपली मराठी मुले अल्पसंख्य आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंगांचा दंड होता. पुढे तोच सण तेथे घराघरांत आणि शाळाशाळांत इतका रुजला की तो आवरावा कसा, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. साउथ डकोटातील सू फॉल्स येथील खटल्यात १९८० साली वरिष्ठ न्यायालयाने असे ठरविले की, धार्मिक मूळ असलेले सण त्यांच्या सांस्कृतिक अंगाने, संयमाने आणि वस्तुनिष्ठपणे शाळेत मांडता येतील. त्यातून उपासना मात्र करवून घेता येणार नाही. इकडे न्यूयॉर्क राज्याने २०२३ साली कायदा करून न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टी दिली आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या शाळा दिवाळीसाठी बंद राहिल्या. ही बातमी ऐकून आपल्यातील कित्येकांना आनंद झाला असेल. तो आनंद म्हणजे अल्पसंख्याचा मान राखला गेल्याचा आनंद होता. तेथे आपल्या नातवंडांसाठी जे मागावयाचे, ते येथे शेजाऱ्याच्या मुलाला नाकारावयाचे, हे कोणत्या न्यायात बसते?

आता संक्रांतीकडे परत येऊ. सरकारी शाळेत तिळगूळ वाटण्यास काही अडचण आहे काय? माझ्या मते मुळीच नाही. तीळ आणि गूळ थंडीचे अन्न आहे, गोड बोलण्याचा संकेत कोणत्याच धर्माला विरोधी नाही, आणि सूर्याच्या चलनावर शिक्षकाने अर्धा तास बोलावे इतका तो विषय मोलाचा आहे. तेलुगू मुलींनी अंगणात मुग्गु काढावे, मराठी मुलींनी रांगोळी. दोन्ही एकच कला. पण त्याच अंगणात सर्व मुलांना रांगेने उभे करून मूर्तीपुढे हात जोडावयास लावले, तर प्रसंगाचे रूप पालटते. सण पाहुणचार म्हणून झाला तोवर तो सर्वांचा. आज्ञा म्हणून झाला की तो उपासनेची सक्ती होतो. सण धार्मिक की ऐहिक, हा वाद कधी मिटावयाचा नाही. नको म्हणणाऱ्या मुलाला सहजपणे बाजूला बसता येते काय, आणि बसल्याबद्दल त्याला काही सोसावे लागते काय, एवढे पाहिले की बहुतेक प्रसंगांचा निवाडा होतो.

दुसरी कसोटी वगळणुकीची. शाळेत मातांसाठी हळदीकुंकू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो. पालक शाळेत यावेत, मुलींच्या शिक्षणाची चार वाक्ये त्यांच्या कानी पडावीत. पण ज्या मुलीची आई विधवा आहे, तिने त्या दिवशी काय करावे? येथे परधर्मीयाचा प्रश्नही उद्भवत नाही. आपल्याच समाजातील एक स्त्री शाळेच्या फाटकाबाहेर राहते, आणि तिची लेक ते पाहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने इतर गावांपुढे त्याचा आदर्श ठेवला. एक खेडे जे करू शकले ते शाळेला कठीण नाही. तोच मातांचा मेळावा ३ जानेवारीला भरविता येतो. सावित्रीबाईंची ही जयंती महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळतात, आणि २०२५ पासून तेलंगण सरकारनेही तो दिवस महिला शिक्षक दिन म्हणून पाळण्याचे ठरविले आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकाच स्त्रीच्या नावाने साजरा होणारा हा हिवाळी दिवस कोणत्याही आईला दाराबाहेर ठेवीत नाही.

याच जिल्ह्यातील गोंड मुलांची आठवण येथे ठेवलीच पाहिजे. १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणास आरंभ झाला आणि गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. त्यांचा मोठा हिवाळी उत्सव म्हणजे पौष अमावास्येला केसलापूर येथे भरणारी नागोबाची जत्रा. मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणून आपल्या दैवताचा अभिषेक करतात. तेथील शाळेच्या भिंतीवर नाताळचा तारा टांगला जातो आणि संक्रांतीचा पतंगही. मग नागोबाच्या वाटेविषयी एखादा पाठ का नसावा? सर्व मुलांनी पूजा करावी म्हणून नव्हे, तर वर्गातील एका मुलाचा सण सर्वांना ठाऊक असावा म्हणून. ज्याचा सण वर्गात कधीच उच्चारला जात नाही, त्याला बाकी सारे सण परके वाटतात.

देवस्थानांशी निगडित असलेल्या वाचकांपुढे एक शेवटचा मुद्दा ठेवतो. शाळेतून देव गेला तर संस्कार कोण करील, अशी चिंता आपल्याकडे वारंवार व्यक्त होते. चिंता खोटी नाही. पण तिचे उत्तर आपल्याच हाती आहे. गोव्यात परकी सत्ता असताना मराठी अक्षरे पुष्कळ गावांत देवळाच्या आवारातच गिरविली गेली. कीर्तन, पुराण आणि भजन यांनी जे शिक्षण दिले त्यास कोणत्याही सरकारचे अनुदान नव्हते. ही आपली परंपरा आहे. रथसप्तमीला मुलांना सूर्यनमस्कारांचा अर्थ सांगावयाचा, गीतेचे अध्याय पाठ करवून घ्यावयाचे, पूजेची रीत शिकवावयाची, तर त्याला देऊळ आहे, घर आहे, आणि घटनेच्या पंचविसाव्या व सव्विसाव्या कलमांनी दिलेले पुरेपूर स्वातंत्र्यही आहे. ते काम सरकारी शिक्षकावर सोपविण्याने ते पातळ होते, आणि शिक्षकाची स्थितीही अवघड होते. ज्या सरकारला आपण आज पूजा शिकविण्याचा अधिकार देऊ, त्याला ती कशी शिकवावयाची हे ठरविण्याचा अधिकारही उद्या द्यावा लागेल. निजामाच्या राज्यात राहिलेल्या समाजाने तरी हे विसरू नये.

जैनथच्या मंदिरात वर्षातील काही ठराविक दिवशी सकाळची उन्हे थेट मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचतात आणि ते पाहण्यास भाविक जमतात. ज्यांना यावयाचे ते येतात. कोणाची हजेरी घेतली जात नाही. शाळेत मात्र हजेरी असते, आणि ती असलीच पाहिजे. सणाच्या दिवशी शाळेने हजेरीच्या वहीपुरतेच आपले बळ वापरावे, हात जोडण्याचे मुलावर आणि त्याच्या घरावर सोपवावे, आणि तिळगूळ मात्र सर्वांच्या हातावर सारखाच ठेवावा.